हाललं की दिसतं

सेतुरावांना स्थिर उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बोलताना डोलायचे. बायकोला कॉफी देताना टंबलर हलवायचे, त्यामुळे निम्मी कॉफी वेष्टीवर, म्हणजे त्यांच्या मद्रासी धोतरावर. बँकेने बदली करून मला चेन्नईला धाडलं, तेव्हा या शेजाऱ्याला वाताचा विकार असावा असं मी धरून चाललो.

गृहस्थ तंजावरी मराठी, मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवून निवृत्त. पत्नी मीनाअक्का. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं काय ते दिसे. डॉक्टर म्हणाले, आता सवय करून घ्या. सेतुराव तडक उठून घरी आले.

"सवय त्या डॉक्टरने करावी," मला म्हणाले. "हाललं की दिसतं. कडेच्या पेशी जित्या आहेत की."

मग माझी शिकवणी. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी हालचालीवरच ओरडतात, आणि प्रत्येकीची दिशा ठरलेली. आडव्या हालचालीला ओरडणारी उभ्या हालचालीला ओळखही देत नाही.

"म्हणजे मेंदू ठरवतो," मी म्हणालो.

"मेंदूचं नाव काढू नका. डोळाच ठरवतो. सशाच्या डोळ्यात सापडलंय."

"आणि माणसाच्या?"

"असेल. नसेल तर मीनाच्या डोळ्यात पहिल्यांदा सापडेल. सरी? ठीक?"

या माणसाशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे अक्का तिरुच्चीला बहिणीकडे गेल्या. परतताना भाचा गाडीत बसवून देणार होता. त्यांच्या मुलाने सेतुरावांना फोनवर बजावलं, डब्यात चढून आईला हाताला धरून उतरवा.

"ती काय सामान आहे?" सेतुराव म्हणाले. "आपणहून शोधेल मला."

मला त्यांचा रागच आला. बाई भर गर्दीत एकट्या पडल्या तर? म्हणून मी एग्मोर स्टेशनला सोबत गेलो.

गाडी शिरली. फलाटावरचे सगळे हात हलू लागले. सेतुरावांनी मिटलेली काळी छत्री वर-खाली, वर-खाली सुरू केली. एका हमालाला ती लागली. तो जे बोलला ते मला कळलं नाही, हे बरंच झालं.

"आडवे सगळेच हालवतात," ते धापा टाकत म्हणाले. "उभा मी एकटा."

अक्का दारात आल्या. बघत होत्या भलतीकडेच, चहाच्या स्टॉलकडे. मी हबकलो. मग ध्यानात आलं, त्या कडेच्या नजरेने आम्हालाच बघत होत्या.

"पुरे की हो," त्या हसून म्हणाल्या. "हात दुखेल."

छत्री खाली आली. सेतुरावांचे डोळे भरले, आणि पहिल्यांदाच ते अगदी स्थिर उभे राहिले.

अक्कांचं हसू मावळलं. "कुठं गेलात हो?"

सेतुरावांनी छत्री पुन्हा वर उचलली.