लपवलं की पसरतं

परुळेकर बाई मुलांना नावाने ओळखत नाहीत, कातडीने ओळखतात. लिफ्टमध्ये पोर शिरलं की शाळा कुठली, कितवीत, असले प्रश्न नाहीत. "हात पुढे." पोर हात पुढे करतं. बाई बोटांच्या बेचक्या बघतात, कोपराची घडी उलगडतात, मान वळवून कानामागे डोकावतात. तळमजला येईपर्यंत निदान तयार. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत त्यांच्या हिशेबाने दुसऱ्या मजल्यावर घामोळं राहतं, चौथ्यावर शिबं आणि सहाव्यावर 'कोरडी कातडी, आईबाप आळशी'.

बाईंची सगळी नोकरी बालवाडीत गेली. रोज प्रार्थना झाली की नखं आणि हात तपासायचे. बाई निवृत्त झाल्या, तपासणी झाली नाही. "मी फक्त बघते, औषध डॉक्टरकडे," हे त्या प्रामाणिकपणे सांगतात. पण बघून गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही. घामोळ्यांवर पावडरचा थर दिसला की विचारतात, "पोर आहे की रवा लावलेला बांगडा?" चौथ्या मजल्यावरच्या मुलीच्या गालावर पांढरे डाग आले, तेव्हा तिची आजी जंताचं औषध घेऊन निघाली होती. बाईंनी जिन्यातच अडवलं. "जंताचा काय संबंध? आधी डॉक्टरला दाखवा."

चुकतातही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी एका मुलाला त्यांनी गोवर आला म्हणून खेळातून घरी पाठवलं. तो पक्का गुलाबी रंग निघाला. "मग नीट धूत जा," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं लाडकं वाक्य एकच: "लपवलं की पसरतं." हे त्या घामोळ्यांबद्दलही म्हणतात, जी बिचारी कुठे पसरायला जात नाहीत.

आमच्या मिहिकाला रात्री खाज सुटायला लागली. ती सहा वर्षांची. बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या. डॉक्टर म्हणाले, खरूज आहे. मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. कपडे, चादरी गरम पाण्यातून काढायच्या. मी घरी येऊन सासूबाईंना सांगायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून म्हटलं, "उष्णता आहे." कारण आमच्या घराण्यात दोन वेळा आंघोळ होते आणि खरूज हा शब्द फक्त दुसऱ्यांच्या घरांसाठी वापरतात. मलम एकट्या मिहिकाला लावलं. चादरी बाथरूममध्ये वाळवल्या, बाहेर दिसायला नकोत म्हणून.

खाज गेली आणि परत आली. एक दिवस मिहिका म्हणाली, "आई, गोल करताना माझा हात कोणीच धरत नाही." ती शाळेत हातांवर बसायला लागली होती. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये बाई. "हात पुढे." मिहिकाने हात पाठीमागे नेले. बाई खाली वाकल्या, तिचे दोन्ही हात पुढे ओढले आणि धरून ठेवले.

"बाई, तुम्हाला होईल," मी म्हटलं.

"होऊ दे. हात धरायचा नाही तर काय करायचं पोरीने?"

तळमजल्यापर्यंत सोडले नाहीत. दार उघडलं आणि प्रार्थनेच्या मैदानाला पुरेल अशा आवाजात मला म्हणाल्या, "खरूज आहे. एकट्या पोरीला लावलंत ना मलम?" लॉबीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मला धरणी पोटात घेईना.

संध्याकाळी बाई घरी हजर. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात दोनदा आंघोळ करतात."

"खरूज आंघोळी मोजत नाही, वहिनी. अंगाला अंग लागलं की येते. मोठ्या घरातही येते."

त्या रात्री आम्ही सगळे माखलो. सासूबाईंच्या पाठीला मी, माझ्या पाठीला सासूबाई, आणि बाबाच्या पाठीवर मिहिकाने मलमाचा हत्ती काढला. त्याची महाप्याच्या ऑफिसची मीटिंग चालू होती. कॅमेरा बंद ठेवून, हात पसरून तो पाण्यातून निघालेल्या बगळ्यासारखा उभा होता. सकाळी गॅलरीभर चादरी लागल्या. खालच्या बायका वर बघायला लागल्या, तर बाई त्यांनाच म्हणाल्या, "चादरी कसल्या बघताय? आपापल्या पोरांची बोटं बघा." पुढच्या दिवसांत दोन-तीन घरं गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आली.

मिहिका बरी झाली. गोलात तिचा हात धरला जायला लागला. मग एकदा तीच म्हणाली, "आई, परुळेकर टीचर हल्ली लिफ्टमध्ये माझा हात बघतच नाहीत. मला बघून जिन्याने जातात."

मी बाईंच्या दारावर गेले. त्या एकट्याच राहतात. मूलबाळ नाही, मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. दार अर्धवट उघडलं. उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाऊज.

"बाई, हात पुढे," मी म्हटलं.

बाईंनी हात पाठीमागे नेले. मिहिकासारखेच.

"लपवलं की पसरतं."

"लपवते कुठे? डॉक्टरकडे जाऊन आले गो. मलम पण लावलं," त्या चिडून म्हणाल्या. "सगळीकडे लावलं. पाठीला हात पोचत नाही."

आत टेबलावर कालथा होता, टोकाला फडकं बांधलेलं. त्यावर मलम वाळलं होतं. "पोळ्या उलटायला बरा आहे मेला," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाला, घरच्या कोणाला तरी सांगा. मी हो म्हटलं."

मी दार लावून घेतलं. "बसा तिकडे तोंड करून."

पहिल्यांदा अंग आक्रसलं त्यांचं. मग खांदे हळूहळू खाली आले. इतका वेळ गप्प बसलेल्या बाई मी कधी पाहिल्या नव्हत्या. पाठ छोटीशीच होती, लगेच संपली.

मी ट्यूबचं झाकण लावायला घेतलं.

"डावीकडे राहिलंय थोडं," बाई म्हणाल्या.

तिथे लावून झालं होतं. मी पुन्हा लावलं.