नबीलालभाईंची हॅट आणि राहूतली मोजणी

"तुम्ही ती घालूनच जाणार?" शहाबानोने विचारलं.

"मग काय हातात धरून जाऊ?" असं म्हणून नबीलालभाईंनी हॅट डोक्यावर चढवली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं.

हॅट तपकिरी फेल्टची होती, काळ्या फितीची, पुढून जराशी झुकलेली. दौंडच्या रेल्वे वसाहतीतलं एक म्हातारं जोडपं मुलाकडे पुण्याला राहायला निघालं, तेव्हा त्यांनी घरातलं सामान वाटून टाकलं. कपाटं, खुर्च्या लोकांनी बघता बघता उचलल्या. हॅटला मात्र कोणी हात लावेना. नबीलालभाईंनी लावला, कारण त्यांच्या डोक्याला त्या वेळी आसरा हवा होता.

एकतीस वर्षं ते कुरकुंभच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. एकतीस वर्षं डोक्यावर पिवळं हेल्मेट. आठ महिन्यांपूर्वी रिटायर झाले, कंपनीने नारळ दिला आणि हेल्मेट परत घेतलं. तेव्हापासून त्यांना चारचौघांत फिरताना सदरा विसरल्यासारखं वाटू लागलं. नमाजाची जाळीची टोपी होती, पण ती नमाजाची. पांढरी टोपी घालून बाजारात गेले, तर तिघांनी विचारलं, "कोणत्या पॅनलमधनं उभं ऱ्हायलाय?" माकडटोपी शहाबानोने जप्त केली.

हॅट घालून ते पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "कसा दिसतो?" शहाबानोने वर पाहिलं. हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

आता एखादी बाई नवऱ्याला हसली, यात सांगण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण धाकटी मेहक लग्न होऊन बार्शीला गेल्यापासून शहाबानो हसलीच नव्हती. बोलायची, सगळं करायची, पण हसणं जणू मुलीबरोबर पाठवून दिलं होतं. घरात दोन माणसं आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढाच आवाज. म्हणून नबीलालभाईंनी त्या दिवशी मनाशी ठरवलं की काही होवो, ही हॅट आता सोडायची नाही.

दौंडने ती हॅट काही सुखासुखी पचवली नाही. "चाचा, शूटिंग कुठं चाललंय?" असं रिक्षावाले विचारत. चहावाला कपाबरोबर "येस सर" देऊ लागला. एका पोराने तर थेट जादूचा खेळ करून दाखवा म्हणून हट्ट धरला. नबीलालभाई सगळं ऐकून घेत. घरी एक माणूस हसलेलं असलं की बाहेरच्या शंभर माणसांचं हसणं सोसवतं.

त्या रविवारी ते राहू गावाला निघाले होते. संपतच्या मुलीचा, मोनालीचा साखरपुडा होता. संपत पूर्वी कंपनीच्या कँटीनला भाजी टाकायचा. तिसरी पाळी संपवून नबीलालभाई बाहेर यायचे तेव्हा संपतचा टेम्पो आत यायचा आणि दोघं गेटवर एक चहा अर्धा अर्धा प्यायचे. मोनाली लहानपणी त्या टेम्पोत मेथीच्या जुड्यांवर झोपलेली असायची. शहाबानोलाही यायचं होतं, पण गुडघा धरला होता.

मोनालीसाठी नबीलालभाईंनी स्वतः वेल्डिंग करून माठ ठेवायची तिपाई बनवली होती. चांगली कमरेइतकी उंच, तीन पायांची, चंदेरी रंग दिलेली. ती खांद्यावर टाकून ते फाट्यावर एसटीतून उतरले. रस्त्याने गेलं तर लांब, बांधाने गेलं तर जवळ, म्हणून बांध धरला. सगळं रामायण इथून सुरू झालं.

त्याचं असं, की गेल्या वर्षी राहूच्या शिवारात एक हॅटवाला माणूस तीन पायांचं यंत्र घेऊन आला होता. एक डोळा मिटून त्याने यंत्रातून पाहिलं, सोजरबाईच्या बांधावरच्या दगडाला लाल रंग फासला आणि निघून गेला. का, कशासाठी, कुणाला कळलं नाही. कुणी म्हणे रस्ता जाणार, कुणी म्हणे नवी एमआयडीसी येणार. सोजरबाई तेव्हापासून रोज सकाळी तो दगड पाहून यायची.

त्या दिवशी ती वांगी तोडत होती. तिने मान वर केली तर बांधावर हॅट. हॅटखाली माणूस. माणसाच्या खांद्यावर तीन पाय. माणसाने तिपाई खाली ठेवली, एक पाय जरा वाकला होता का म्हणून खाली बसून, एक डोळा मिटून तिपाईच्या पायांकडे पाहिलं. समोर नेमका लाल दगड होता.

"आगं आयाया, मोजणी आली की गं!" सोजरबाईची ती हाक दोन शेतं ओलांडून गेली. पुढचं काम मोबाइलने केलं.

दहा मिनिटांत नबीलालभाईंच्या भोवती माणसं जमली. एकाने उसाचा रस आणला. एकाने तिपाई खांद्यावर घेतली. सोजरबाईने वांग्यांची पिशवी हातात कोंबली.

"सायेब, एवढ्या उन्हाचं चालत आला व्हय? आमाला फोन करायचा की!"

नबीलालभाई भारावले. त्यांना वाटलं, संपतने गावाला सांगून ठेवलेलं दिसतंय. शिवाय 'साहेब' हा शब्द. एकतीस वर्षं त्यांनी तो दुसऱ्यांसाठी वापरला होता. कंपनीत पांढरं हेल्मेट म्हणजे साहेब आणि पिवळं म्हणजे नबीलाल. आज प्रथमच कुणीतरी त्यांना साहेब म्हणत होतं. हॅटची कदर दौंडला नाही, राहूला आहे, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ती जरा सरळ केली.

"सायेब, कुठनं कुठपतूर हाय?" एकाने भीत भीत विचारलं.

"दौंडवरनं निघालो," नबीलालभाई म्हणाले, "ते थेट संपतच्या घरापर्यंत."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. म्हणजे रस्ता संपतच्या घरातून जाणार!

"आन् आमच्या हिरीचं काय, सायेब?"

"विहीर बघतो की," नबीलालभाई कौतुकाने म्हणाले. "आधी तिथलं काम उरकू. सगळी तयारी झालीय ना?"

ही बातमी नबीलालभाईंच्या आधी मांडवात पोचली. मांडवात मुलाकडची मंडळी शिरूरहून येऊन बसली होती. मुलाचे वडील हौसराव मोठ्या रुबाबात, डोक्याला गुलाबी फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर होते. त्यांच्या कानाशी कोणीतरी लागलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी संपतला बाजूला घेतलं.

"पाव्हणं, घर रस्त्यात जातंय म्हनं तुमचं."

"कुनी सांगितलं?" संपत उडालाच.

"सगळा गाव सांगतोय. सायेब मोजायला आलाय." हौसराव आवाज न चढवता बोलत होते आणि त्यामुळे संपतला जास्त भीती वाटत होती. "घर गेलं तर गेलं. जमिनीसाठी आमी सोयरीक करीत न्हाई. पर तुमी लपवलं, ह्याचं वाईट वाटतं. आज नारळ फोडायला नको. महिनाभर थांबू, मग बघू."

महिनाभर थांबू म्हणजे काय, ते प्रत्येक मुलीच्या बापाला समजतं. आत मोनाली हिरव्या शालूत बसली होती. तिने ते खिडकीतून ऐकलं आणि हातातला आरसा पालथा घातला.

तेवढ्यात वरात आली. पुढे तिपाई घेतलेला माणूस, मागे हॅट, हॅटमागे तीस-चाळीस माणसं आणि वांगी. संपत हात जोडून धावला आणि हॅटखालचा चेहरा पाहून जागीच थांबला.

"नबी? लेका, तू हायस व्हय!"

त्याने आनंदाने मिठी मारली, आणि तिथेच सगळं आणखी बिघडलं.

"बघितलं का," मागून कुजबुज झाली, "सायबाला आरे-तुरे! ह्यानं आधीच संधान बांधलंय. ह्याचं घर वाचणार आन् रस्ता आपल्या वावरातनं जाणार."

"आरं, ह्यो सायेब न्हाई! माझा दोस्त हाय, कुरकुंभचा!" संपत ओरडून सांगू लागला. पण घाबरलेला माणूस जितकं ओरडून खरं सांगतो, तितकं ते लोकांना खोटं वाटतं. हौसराव तर खुर्चीवरून उठलेच.

माइक पोपटकडे होता. पोपट राहूतल्या प्रत्येक कार्यक्रमाचा निवेदक. मांडवात काहीही घडलं तरी कुणाचा तरी सत्कार करायचा, हा त्याचा धर्म होता. तो गरजला, "मोजणीचे मोठे साहेब यांचं या ठिकाणी आगमन झालेलं आहे! मी साळूबाईंना विनंती करतो, की त्यांनी टोपी, उपरणं आणि नारळ देऊन साहेबांचा यथोचित सन्मान करावा!"

साळूबाई म्हणजे संपतची बायको. ती रडवेली होऊन ताट घेऊन पुढे आली. आता मानाची टोपी घालायची तर डोकं मोकळं हवं. हॅटवर टोपी घालून पाहिली, ती घसरली.

"भाऊजी," साळूबाई हळूच म्हणाली, "ती काढा की जरा. तुमच्यापायी पोरीचं मोडायला लागलंय."

नबीलालभाईंना तेव्हा कुठे सगळं उमगलं. उसाचा रस, वांगी, विहीर, साहेब. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मेथीच्या जुड्यांवर झोपणारी पोर पाणावल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी हॅट काढली.

हॅट मिळाल्यापासून तिच्याखालचं डोकं परक्या कुणी पाहिलं नव्हतं. कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वर, आडवा वळ होता. वळाच्या खाली करपलेला रंग, वर पांढुरकी कातडी. वळ कानांवरून मागे जात होता आणि मागे, जिथे पट्टा आवळायची चकती असते तिथे, रुपयाएवढं टक्कल पडलं होतं.

हौसराव निघता निघता थांबले. जवळ आले. नबीलालभाईंच्या मागे जाऊन त्यांनी ते टक्कल नीट पाहिलं.

"कुठला प्लँट?"

"कुरकुंभ. बॉयलर."

"किती वर्सं?"

"एकतीस. आठ महिने झाले सुटून."

हौसरावांनी आपला गुलाबी फेटा उचलून काढला. तोच वळ. मागे तेच टक्कल.

"रांजणगाव," ते म्हणाले. "प्रेस शॉप. सव्वीस वर्सं."

दोघं एकमेकांच्या कपाळाकडे बघत उभे राहिले. मग हौसराव मांडवाकडे वळले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ह्यो मानूस सायेब न्हाई! सायबाच्या डोक्याला आसला वळ नसतो. सायेब फोटोपुरतं हेल्मेट घालत्यात. ह्यो आपल्यातला हाय!"

"आन् ती मशिन?" सोजरबाईने विचारलं.

साळूबाईने ओसरीवरचा माठ उचलला आणि तिपाईवर ठेवला. माठ असा बसला, की जणू तिथेच घडवला होता. मांडवात जे हसू फुटलं ते पोपटच्या माइकलाही आवरेना.

नारळ फुटला. साखर वाटली गेली. मोनालीने पाया पडताना "चाचा, लई घाबरवलं तुमी" म्हणून एक चापट मारली. सोजरबाईने वांगी परत मागितली नाहीत, पण दगडाचं काय ते एकदा विचारून बघा, असं मात्र दोनदा सांगितलं.

पंगतीत हौसराव मुद्दाम नबीलालभाईंच्या शेजारी बसले.

"फेटा आजच्यापुरता," ते हळूच म्हणाले. "एरवी डोकं लई उघडं वाटतं बगा. घरी कुनाला सांगावं? हसत्यात." मग म्हणाले, "ती तुमची... बगू का घालून?"

घातली. नेमकी बसली. हौसरावांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःला पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि लहान पोरासारखे लाजले. नबीलालभाईंच्या तोंडून निघून गेलं, "ऱ्हाऊ द्या. मोनालीच्या चाचाकडनं व्याह्याला मान."

शब्द तोंडातून सुटले तेव्हा त्यांना शहाबानो आठवली. पण दिलेला मान परत मागतात होय?

परतीच्या एसटीत ते मानाची पांढरी टोपी घालून, मांडीवर वांगी घेऊन बसले होते. एरवी हॅट पाहून हसणारा रिक्षावाला स्टँडवर म्हणाला, "चाचा, आज ओळखलंच नाही." घर जवळ आलं तसे ते हळू चालू लागले. आता उद्यापासून पुन्हा दोन माणसं आणि घड्याळ.

शहाबानोने दार उघडलं. आधी डोक्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"हॅट कुठाय?"

नबीलालभाईंनी खाली बसून सगळं सांगितलं. वाकडा पाय, लाल दगड, रस, विहीर, साहेब. पोपटचा सत्कार सांगताना शहाबानोने तोंडाला पदर लावला. हॅटवरून टोपी घसरली म्हणताच तो पदर सुटला. दोन टकलांची गाठ पडली, तिथे ती गुडघा धरून, भिंतीला टेकून हसायला लागली. "या अल्ला, पुरे!" म्हणत होती आणि "मग पुढं?" असंही विचारत होती.

नबीलालभाई बघतच राहिले. "हॅट तर गेली. मग हसतेस कशाला?"

"हॅटला कोण हसलं होतं?" शहाबानो डोळे पुसत म्हणाली. "एकतीस वर्षं तुम्ही पाळीवरनं यायचे, जेवायचे आन् झोपायचे. मेहक गेली तवा वाटलं, आता बोलायचं तरी कुणाशी. आन् त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर उभं राहून विचारलंत, कसा दिसतो म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा! हसू नको तर काय करू?"

नबीलालभाई उठले, पांढरी टोपी नीट केली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"कसा दिसतो?"

शहाबानोने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डिपॉझिट जप्त झालेल्या उमेदवारासारखे," ती म्हणाली, आणि हसत हसत वांगी चिरायला घेतली.