आबा चिंदरकरांचं फिरतं बिऱ्हाड

आमच्या आळीतले आबा चिंदरकर स्वतःच्या घरात बसत नसत. घर चांगलं कौलारू, पुढे पडवी, मागे माड. पण हा गृहस्थ अंगणात जू टेकवून उभ्या केलेल्या बैलगाडीत बसून चहा प्यायचा. कुणी चुकून पडवीत चढलं की गाडीतून आरोळी यायची, "थंय खंय चल्लात? ता गुदाम. घर हयसर आसा!" मग पाहुण्याने चाकावर पाय देऊन वर चढायचं, चटईच्या छपराला डोकं आपटून घ्यायचं आणि "छान आहे हो घर" असंही म्हणायचं. मी एकदाच म्हणालो. पुढे रस्त्यावरूनच बोलत असे.

आबांची सारी नोकरी सरकारी तळांवर गेली होती. साहेब धरणाच्या जागा बघत हिंडायचा आणि आबा त्याच्या मागून तंबू, कंदील नि कोंबड्या घेऊन. साहेब विलायतेला गेला, स्वराज्य आलं, आबा पेन्शनीत निघाले. पण तळ काही त्यांच्या अंगातून उठला नाही. मालवणात येऊन त्यांनी 'फिरते बिऱ्हाड मंडळ' काढलं. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार सगळं तेच. सभासद म्हणजे गाड्यांचा मालक बस्त्यांव, शाळामास्तर मी आणि ज्यांच्या जाण्याने घरच्यांना बरंच वाटायचं असे दोन-चार पेन्शनर. हेतू काय, तर गाड्या जोडून गोड्या पाण्याच्या काठी मुक्कामाला जायचं. समुद्र उशाला असताना!

"खाऱ्या पाण्यात काय बघूचा?" आबा म्हणायचे. "ता पाणी न्हय, ती आमटी."

या सहलींइतका छळ मी शाळा तपासणीतही सोसला नाही. आबांच्या शिटीवर उठायचं, शिटीवर जेवायचं. "तळ पडलो!" अशी आरोळी आल्याशिवाय गाडीतून पाय खाली टाकायचा नाही, मग मुंग्या येवोत की मुंगळे. आणि इतकं करून जायचं कुठे, तर धामापूरच्या तळ्यावर. पहिल्या वर्षी धामापूर, दुसऱ्या वर्षीही धामापूर. तिथे पोचलं की आबा पलीकडच्या काठावरच्या घरांकडे बघत बसायचे आणि आम्ही त्यांच्याकडे.

तिसऱ्या वर्षी बस्त्यांव बिथरला. "आबानू, त्याच तळ्याक किती फेरे मारूचे? माजे बैल आता झोपेत पण धामापुराक जातीत. औंदा कुडाळाकडचो नवो बांध बघूया." पेन्शनरांनी माना हलवल्या. मीही हलवली, आबांची जिरत असेल तर मी कुठल्याही बांधावर जायला तयार होतो.

आबांचा चेहरा एकदम उतरला. पुढे ते जे बोलले त्यावर आमचा विश्वास बसेना. "अध्यक्ष तू हो, बस्त्यांव. शिटी पण घे. पण तळ धामापुराकच पडाक व्हयो." गल्लीतल्या कुत्र्यावरही अध्यक्षपण गाजवणारा हा माणूस खुर्ची सोडत होता! बस्त्यांवने तिथल्या तिथे शिटी वाजवून पाहिली आणि ठराव पास झाला.

तेवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले? दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात हजर. "वैनीनू, औंदा तुमी येवक व्हया. तुमी नसलात तर गाडी सुटाची नाय." मी मनात म्हटलं, आयता स्वयंपाक हवाय म्हाताऱ्याला. पण दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलली आणि आमच्या शांताने, जिला बैलगाडीत बसलं की मळमळतं, जायचं कबूल केलं. कारण विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?"

धामापूरला तळ पडला, या खेपेला बस्त्यांवच्या आरोळीवर. आबा गाडी झाडायला लागले. झाडून झाल्यावर पुन्हा झाडली. चटया उन्हात टाकल्या, पुढे रांगोळीसुद्धा काढली, तीही वाकडी. "कलेक्टर यायचाय वाटतं!" असं मी म्हटल्यावर शांता माझ्यावर खेकसली आणि मग तिने सांगितलं.

पलीकडच्या काठावर आबांची एकुलती एक मुलगी, सुमन, दिली होती. तिला मूल नव्हतं. आणि लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही आपल्याकडची रीत. त्यामुळे आबा तिच्याकडे जात नसत. सुमनची आई वारल्यापासून सासू तिलाही धाडत नव्हती. म्हणायची, "बायलमाणूस नाय त्या घराक माहेर कोण म्हणता?" पुरुषांच्या तळावर तर सून पाठवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून आबांना बाईमाणूस हवं होतं.

शांता पलीकडे गेली. सासूबाईंना म्हणाली, "सुमनच्या म्हायेरची गाडी इली हा. न्हेवक मी इलंय."

"म्हायेर खंय आसा?"

"तळ्यार. मी आसंय थंय."

मास्तरांच्या बायकोला नाही म्हणवेना. "दिवेलागणीक परत येवक व्हयी," असं बजावून सासूने सुनेला सोडलं.

माहेरवाशिणीने काय केलं? जेवली आणि झोपली. आबांनी स्वतः रांधलेलं सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, तिखलं तिने दोनदा मागून घेतलं आणि गाडीत जी आडवी झाली ती उन्हं कलेपर्यंत. आबा चाकाशी बसून माश्या वारत होते. एका पेन्शनरला खोकला आला तर त्याला त्यांनी बांधापलीकडे पिटाळलं.

निघायची वेळ झाली. आबांनी गाडीतून नारळ, तांदूळ आणि हिरवा खण काढला. कुंकू मात्र विसरले होते. विधुराच्या घरात कुठलं सुचायला! शांताने आपल्या करंड्यातलं घेतलं.

"वैनीनू, माझ्या चेडवाची ओटी भरशात?"

शांताने ओटी भरली. सुमन वाकून आबांच्या पाया पडली.

"येतंय हां, बाबा."

आबांना "ये" म्हणायचं होतं. ते काही केल्या येईना. शेवटी ते वळले आणि बस्त्यांववर केवढ्याने तरी ओरडले, "बैलांका पाणी दाखवलंस काय रे मेल्या?"

बैल समोरच तळ्यावर पाणी पीत उभे होते. बस्त्यांवने एकदा बैलांकडे बघितलं, एकदा आबांकडे.

"आता दाखवतंय, आबानू," तो म्हणाला.