ताईला दिलेला स्वेटर

दुकानाच्या दारातलं यंत्र ताई बाहेर पडता पडता किंचाळलं, आणि भावाच्या लगेच लक्षात आलं की गुन्हेगार तिच्या अंगातला स्वेटर आहे.

स्वेटर त्याचा होता. दुकानातल्या एसीने ताई कुडकुडायला लागली म्हणून त्याने काढून दिला होता. तो ज्या कारखान्यात विभागप्रमुख होता तिथे केसाहून बारीक चुंबकीय तार निघायची. काचेच्या नळीत धातू वितळवायचा, काच आणि धातू एकदमच ओढायचे आणि पाण्याच्या धारेत इतक्या झटकन गार करायचे की धातूच्या कणांना रांगेत उभं राहायलाही सवड मिळू नये. त्या तारेचे बोटभर तुकडे दुकानदार मालाच्या चिठ्ठीत लपवतात. पैसे न देता माल बाहेर निघाला की दार ओरडतं; आत यायच्या दाराला यंत्र नसतं. तार कापायच्या खोलीत लोकरीचे कपडे घालून येऊ नये, अशी पाटी त्यानेच लावली होती. शुक्रवारी तो स्वतः स्वेटर घालून तिथे तासभर उभा होता.

"बाई, पिशवी दाखवा," रखवालदार म्हणाला.

ताई निवृत्त मुख्याध्यापिका. तिने आयुष्यभर दुसऱ्यांची दप्तरं तपासली होती. तिने भावाकडे पाहिलं. तो बोलणार, तेवढ्यात दुकानाचे मॅनेजर आले. त्याच्या कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पाटीची भानगड यांच्या कानावर गेली तर?

ताईने पिशवी टेबलावर उलटी केली. नव्या बुटांचा खोका, पावती, चष्मा, गुडघ्याचं मलम, आणि कडा टाचलेला जुना हातरुमाल. रांगेतली माणसं माना उंचावून बघत होती. त्यातल्या एकीने हळूच म्हटलं, "अगं, या आपल्या शाळेतल्या बाई!"

ते ऐकून त्याला राहवलं नाही. "साहेब, तिचा काही दोष नाही. स्वेटरला तार चिकटलीय."

"कुठाय तार?"

"दिसत नाही ती."

"वा!" मॅनेजर म्हणाले.

रखवालदाराने स्वेटर काढून घेतला, झटकला, चाचपला, उजेडात धरताना मॅनेजरांच्या कोटाला घासला. मग ताईला स्वेटरशिवाय दारातून पाठवलं. दार गप्प. स्वेटर परत द्यायला रखवालदार तिच्यामागे निघाला. दार किंचाळलं. "अरे, काय चाललंय?" म्हणत मॅनेजर धावले, तर दार त्यांच्यावरही किंचाळलं. रांगेत हशा पिकला.

मॅनेजर लालबुंद झाले. "म्हणजे यंत्रच बिघडलंय! का हो, तुमची तारच खराब असणार! खरं सांगा!"

यंत्र आणि तार, दोन्ही उत्तम होती. पण तसं म्हटलं असतं तर झडती पुन्हा पहिल्यापासून, आणि ताई अजून उभीच होती.

"हो," तो म्हणाला. "तारच खराब आहे."

सोमवारी दुकानाने पुढची ऑर्डर रद्द केली. वरिष्ठांनी त्याला जे सुनावलं, ते त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

बूट ताईच्या अंगठ्याला लागत होते. "बदलून आणतो," तो म्हणाला.

"नको रे. पुन्हा त्या दाराचं तोंड बघायचं नाही मला. चालेल असंच."

ती लंगडत स्वयंपाकघरात गेली. तो मागोमाग गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पाटी, स्वेटर. दार ओरडताक्षणी त्याला कळलं होतं, आणि तरी तिने पिशवी रिकामी करेपर्यंत तो मुका उभा राहिला होता.

ताईने ऐकून घेतलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुरे. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोयस, कळतं मला. न दिसणारी तार म्हणे! लहानपणापासून असाच तू, माझ्यावरचं सगळं अंगावर घेणारा."

त्याने खूप आठवून पाहिलं. लहानपणी अंगावर घ्यायची ती ताई. तिच्यासाठी काही अंगावर घ्यायचा प्रसंग त्याच्या वाट्याला त्या दुकानात प्रथमच आला होता.

"चहा टाकू?" ताईने विचारलं.

"मी टाकतो," तो म्हणाला. "तू आधी ते बूट काढ."