सहा युर्ती, चार विभाग

भिंतींच्या तीस जाळ्या, छताच्या तीनशे नव्वद काठ्या, लोकरीचे अठ्ठेचाळीस नमदे, सहा दारं, पट्ट्यांच्या बावीस गुंडाळ्या आणि सतरा माणसं. ट्रकमधून उतरलेलं सगळं मीरिमनं दोनदा मोजलं आणि समाधानानं मान हलवली. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती या युर्ती, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, भाड्यानं देणाऱ्या कंपनीत लागली, त्याला तीन आठवडे झाले होते. कंपनीचं दुखणं मात्र तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं!

"शायिरबेक-बाइके," ती मालकांना म्हणाली होती, "आपल्याकडे एकेक कुटुंब एकेक युर्त उभारतं. नवरा काठ्या लावतो, बायको पट्टा बांधते आणि दोघं मिळून भांडतात! त्यापेक्षा कामाप्रमाणे विभाग करू. जाळी, काठी, नमदा, पट्टा. प्रत्येकाला एक प्रमुख. दुसऱ्याच्या कामाला कुणी हात लावायचा नाही. दोन तासांत सहा युर्ती उभ्या!"

'विभाग' हा शब्द मालकांना फार आवडला. राजधानी बिश्केकमधल्या मोठ्या कचेरीत बसल्यासारखं वाटलं त्यांना.

आणि आज इसिक-कुल सरोवराच्या काठावर गुलसायरा-एजेंच्या घरचं लग्न होतं. पाच वाजता नवी सून येणार. तिला उघड्या माळावर उतरवून घेतलं, तर एजे आयुष्यभर कुणाला तोंड दाखवणार नव्हत्या.

दोनला काम सुरू झालं. पाऊण तासात जाळी विभागातल्या लोकांनी भिंतींचे सहाही गोल उभे केले आणि 'आमचं झालं' म्हणून ते सरोवरात पाय बुडवून बसले. मीरिमला आनंदानं उडीच मारावीशी वाटली.

"पोरी," मालकांनी विचारलं, "छतचक्र कोण उचलणार?"

मीरिमनं आपल्या फळ्यावर लिहिलेले विभाग पुन्हा वाचून काढले. छताच्या मधोमध बसणारं ते लाकडी चक्र ना जाळी होतं, ना काठी, ना नमदा, ना पट्टा!

"कुणीच नाही? मग मी उचलतो!" मालक तावातावानं पहिल्या युर्तीत शिरले आणि टोकाला दुबेळकं असलेल्या दांड्यावर चक्र तोलून उभे राहिले. "आणा काठ्या!"

काठी विभागाचे प्रमुख तेमिरकुल-आके चहा पीत होते. "जाळीभोवती पट्टा नाही. काठ्या लावल्या तर जाळी फाकेल."

"मग बांधा ना पट्टा!" आतून मालक म्हणाले.

"मी? दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही."

मीरिम पट्टा विभागाकडे धावली. प्रमुख होत्या बुर्मा-एजे, म्हणजे तेमिरकुल-आकेंच्याच पत्नी. "तुझ्या फळ्यावर पट्टा शेवटी लिहिलाय," त्या कणकेचे तळलेले बोरसोक खात म्हणाल्या. "आधी हवा असेल, तर काठी विभागानं रीतसर विनंती करावी."

"बायकोला विनंती? तीस वर्षांत केली नाही!" आके गरजले.

"तेच म्हणतेय मी!"

"अरे, कुणीतरी या!" युर्तीतून मालक ओरडले. "मला नाक खाजवायचंय!"

तेवढ्यात गुलसायरा-एजे आल्या. जाळीतून त्यांना चक्र पेलून थरथरणारे मालक दिसले. "हा खांब भाड्यातच धरलाय का?" त्यांनी विचारलं. मग मागचे पाच उघडे गोल दिसले आणि त्यांनी मीरिमचा हात धरला. "सुनेला पडद्याआड बसवायचंय गं. पडदा टांगायला भिंत तरी द्याल ना?"

मीरिमनं फळ्याकडे पाहिलं, गुलसायरा-एजेंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग बुर्मा-एजेंच्या मांडीखालचा पट्टा खस्सकन ओढला आणि स्वतःच जाळीभोवती धावत सुटली!

"उलटा बांधतेय ती! दुसऱ्याच्या कामाला हात लावतेय!" बुर्मा-एजे किंचाळल्या.

तेमिरकुल-आकेंनी चहाची वाटी खाली ठेवली. "साहेबीणच नियम मोडतेय. मग आपण काय घोडं मारलंय? बुर्मा, चल ऊठ!"

बघता बघता सतरा माणसं आपापल्या घरच्यांजवळ जाऊन उभी राहिली. नवरे काठ्या लावू लागले, बायका पट्टे आवळू लागल्या आणि सहाही युर्तींत जोरदार भांडणं सुरू झाली. मीरिमला इतकं गोड काही गेल्या तीन आठवड्यांत ऐकू आलं नव्हतं!

पाचला पाच मिनिटं असताना शेवटचा नमदा चढला. सून आली, गुलसायरा-एजेंनी तिला पांढरा रुमाल बांधला, पडद्याआड बसवलं, आणि बाहेर येऊन मीरिमला एवढी घट्ट मिठी मारली की तिचा श्वासच अडकला.

शायिरबेक-बाइकेंचे चक्र पेलून आखडलेले हात खांद्याच्या खाली यायला चाळीस मिनिटं लागली.