करंगळीपर्यंतचा रस्ता

शेजारचे सुदामकाका आंघोळीआधी उजव्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधतात. मनगटापासून तळव्यापर्यंत बॉलपेनने काढलेल्या बारीक रेघा पुसू नयेत म्हणून.

मी अकोल्याची, अमरावतीत फिजिओथेरपी शिकते. आपणहून बोलणं मला जमत नाही. मे महिन्यात कुलरच्या पत्र्याने काकांच्या मनगटातला मज्जातंतू कापला. तो टाके घालून जोडला, पण करंगळी बधिर राहिली. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. कशाची, ते विचारायला काका गच्चीवर माझ्याकडे आले.

मी सांगितलं, तुटल्यापुढचा तंतू मरतो, पण त्याच्याभोवतीच्या मदतनीस पेशी जागा सोडत नाहीत. जुनं वेष्टण मोडून कचरा काढतात, रांगेत उभ्या राहून नव्या तंतूला वाट दाखवतात, मग त्याच्याभोवती स्वतःला गुंडाळून नवं वेष्टण करतात. दिवसाला जेमतेम मिलिमीटर. तंतू पोचला असेल तिथे टिचकी मारली की मुंग्या येतात.

काकांनी चाळीस वर्षं पंपाच्या जळालेल्या मोटारी वाइंड केल्या, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून भरली. "मंग हे तं आपलेच लोकं हायेत," ते म्हणाले. "जळालेलं काढा, खाचा साफ करा, तार भरा, कोट मारा."

तेव्हापासून रोज गच्चीवर माझी टिचकी, आणि मुंग्या आल्या असं काका सांगतील तिथे रेघ. पेशींचं नाव 'वाइंडर'. रेघ सरकली नाही, तर वाइंडर सुटीवर. वार्निश मारलेली मोटार उन्हात वाळवतात, म्हणून काका हातही उन्हात धरून बसत. बधिर कातडी भाजली तरी कळणार नाही, म्हणून मी ओरडले. म्हणजे माझ्या मानाने.

नवं वेष्टण पहिल्याइतकं जाड होत नाही, हे मी भीतभीतच सांगितलं.

"मोटार फिरली म्हंजे झालं व माय."

तारेवरचा ओरखडा त्यांना करंगळीनेच कळायचा, म्हणून ती हवी होती. खरं तर त्यांचं वाइंडिंगचं दुकान आता भाचा बघतो. तो मीटर लावून तपासतो. काकांना विचारायला कोणी येत नाही.

परवा, ऑक्टोबरच्या उन्हात, बोलता बोलता त्यांची करंगळी तापलेल्या लोखंडी कठड्याला टेकली. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

मी पाहिलं. मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं. रेघ तर तीन आठवडे तळव्याच्या मध्यावरच थांबलेली होती. मग काकांनी तोच हात पुढे केला.

"आज कुठलोक आले व वाइंडर?"

मी जुन्याच रेघेवर टिचकी मारली.

"इथंच आहेत काका," म्हटलं. "उद्या बघू."