ऑगडेनांचे धुरांडे जेर केले, त्याची हकीकत

समस्त गल्लीकर लहानथोर, चहात दूध आधी घालणार व मागाहून घालणार, यांस विदित व्हावे जे: विलायतेत यॉर्कशायर प्रांती हॅलिफॅक्स नगर, तेथे चढावरची काळ्या दगडी घरांची ओळ, त्या ओळीत राजश्री क्लिफर्डराव ऑगडेन, पूर्वी बसगाड्यांचा कारखाना सांभाळून हल्ली घरबैठे, यांचे येथे गेल्या शरदात जी मोहीम जाहली तीविशी लोक नाना प्रकारे बोलतात. कोणी म्हणतो, बाईने नवऱ्यास घराबाहेर काढिले. कोणी म्हणतो, धुरांड्यात मेंढरू कोंडिले. ऐशा बाजारगप्पांनी खरे वर्तमान बुडते, म्हणोन जैसे घडले तैसे येथे नमूद केले आहे. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तितके वाचणाराने वजा करून घ्यावे.

प्रथम मुलखाचे वर्णन. घराचे दर्शनी दालनी भिंतीत जुनी आगटी. क्लिफर्डरावांचे तीर्थरूपांचे अमदानीत तीत कोळसा जळत असे, आणि तिजपुढे मोठमोठे लोक पाय शेकीत असत. मग गॅसचे हीटिंग आले, आणि आगटी बेकार जाहली, आणि नोरीनबाईसाहेबांनी तिजपुढे वाळक्या फुलांची कुंडी मांडून तीस सन्मानपूर्वक पेन्शनीत काढिले. परंतु धुरांडे वर आभाळापावेतो उघडेच राहिले. त्या वाटेने उत्तरवारा, जो समुद्रापलीकडून निघून कोणाचा परवाना न घेता येतो, तो थेट दालनात उतरे, आणि गालिच्यावर कवाईत करी, मग पडद्यांस हात लावी, मग सोफ्याखालून जाऊन बाईसाहेबांचे गुडघे धरी, आणि परत जाते समयी घरची सारी ऊब खंडणी म्हणोन सोबत घेऊन वर निघून जाई. येताना उपद्रव, जाताना लूट, ऐसा हा दुहेरी गनीम.

त्यात त्या प्रांतीचा शिरस्ता ऐसा जे, ऑक्टोबराचे अखेरीस सरकारी हुकमाने घड्याळे तासभर मागे फिरतात, त्याआधी हीटिंग लावणे म्हणजे घराण्यास बट्टा. थंडी वाजली तर आणखी एक स्वेटर चढवावे, आणि तेही पुरेना तर स्वयंपाकघरात उगाच येरझारा घालाव्या. क्लिफर्डराव या शिरस्त्याचे मोठे अभिमानी. नाकाचा शेंडा जांभळा पडला असता ते बोलत जे, "छे! अजून उकडतंय की!"

परंतु मागील हिवाळ्यात बाईसाहेबांस जो खोकला जडला तो ईस्टर उलटला तरी हलेना. यंदा झाडांची पाने पिवळी पडू लागताच त्यांनी माळ्यावरून निळी ट्रंक उतरविली, आणि ती येण्याजाण्याच्या वाटेतच मांडिली, आणि हुकूम फर्माविला जे:

"थेल्मानं, माझ्या बहिणीनं, बोलावलंय. स्कारबरोच्या तिच्या बंगल्यात पायाखालची फरशी गरम असते म्हणे, अनवाणी फिरते ती. घड्याळं मागं फिरायच्या आत हे धुरांडं बुजलं तर ठीक. नाही बुजलं, तर मी निघाले, ती वसंतात डॅफोडिल फुलल्यावरच येईन. मग तू आणि तुझा वारा, बसा दोघं गप्पा मारत."

हा शब्द क्लिफर्डरावांस लागला. नोरीनबाईविना घर म्हणजे टोस्टावर डब्यातील बीन्स, सकाळी तेच आणि संध्याकाळी तेच, आणि ते खाताना तोंडावर टोमणा मारावयास कोणी नाही. परंतु गप्पांचा शब्द त्यांस अधिक लागला, त्यास कारण निराळे. ते गुह्य येणेप्रमाणे.

भिंतीपलीकडील घरी राजश्री सिरिलराव पिकर्सगिल, पूर्वी खाटीक, बायको निवर्तल्यापासून एकले. पूर्वी या उभयतांचा स्नेह ऐसा जे एकाची शिडी दुसऱ्याचे अंगणी राही. मग एके साली भाज्यांचे प्रदर्शनी सिरिलरावांनी कांदा मांडिला. कांदा कसला, माणसाचे डोक्याएवढा. तो पाहोन क्लिफर्डराव भर मंडपात बोलिले जे, "विकत आणलेला दिसतोय." तेव्हापासोन बोलाचाली बंद. शिडी परत गेली. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवते वेळी दोघे समोरासमोर आले तर दोघेही आभाळाकडे पाहोन ढगांची पारख करीत.

परंतु दोन्ही घरच्या आगट्या एकाच भिंतीत पाठीस पाठ लावून, आणि दोन्ही धुरांड्यांमधील विटांचा पडदा आतून ढासळलेला. तेणेकरून इकडील आगटीपुढे जे बोलावे ते तिकडे स्वच्छ ऐकू जाई. संध्याकाळचे जेवण आटोपले म्हणजे बाईसाहेब भांडी विसळावयास जात, आणि क्लिफर्डराव आगटीपाशी खुर्ची ओढून कोणासही उद्देशून न बोलिल्यासारखे बोलत:

"यॉर्कशायरनं आज पुन्हा नाक कापून घेतलं."

मग धुरांड्यातून उत्तर येई, "होतं कुठं नाक?"

"पाऊस आला म्हणून वाचले."

"पाऊस काय त्यांचा मावसभाऊ आहे? दरवेळी बरा धावून येतो."

उन्हाळ्यात क्रिकेट, आणि हिवाळ्यात नगरपालिकेचा कारभार, आणि बारमहा गुडघे, ऐसा हा दरबार कैक वर्षे भरत आला. नाव कोणी कोणाचे घेत नसे. उभयतांचे म्हणणे एकच जे, आपण भिंतीशी बोलतो. भिंतच आगाऊ निघाली त्यास आपला इलाज काय?

आता वाचणाराने पेच ध्यानी घ्यावा. धुरांडे बुजविले तर सिरिलरावांचा आवाज जातो. न बुजविले तर बायको स्कारबरोस जाते. इकडे कबिला, तिकडे कांदेवाला. मध्ये आमचा सरदार, अंगात तीन स्वेटर, आणि उभयपक्षी फितूर.

तथापि हुकूम तो हुकूम, म्हणोन मोहिमेस आरंभ जाहला. बाईसाहेबांनी आगटीपुढे मेणबत्ती धरून गनिमाची चाचपणी केली. ज्योत ऐशी आडवी पडली की पाहणारास शरम वाटावी. मग क्लिफर्डरावांनी जुनी वर्तमानपत्रे पिशव्यांत कोंबिली, आणि पिशव्या झाडूचे दांड्याने वर ढकलिल्या, आणि मोठ्याने धापा टाकून दाखविल्या. पिशव्या ऐशा बेताने बसविल्या जे वारा किंचित अडावा आणि आवाज मुळीच अडू नये. ही फितुरी फार काळ पचली नाही. रविवारी भाजलेले मांस पानात वाढले असता पिशव्या एकामागून एक गालिच्यावर कोसळल्या, आणि त्यांमागून काजळी, आणि काजळीमागून डोमकावळ्यांचे जुने घरटे, काटक्यांसह.

बाईसाहेब ग्रेव्हीचे भांडे खाली ठेवून बोलिल्या जे, "धुरांडं बुजवतोयस, की त्याला खाऊ भरवतोयस?"

"पिशव्या हलक्या निघाल्या."

"पिशव्या नाही, हात हलका पडला."

मग दुसरा मनसुबा. क्लिफर्डरावांनी दुकानातून रबरी फुगा आणिला, जो धुरांड्याचे नरड्यात बसवून नळीने फुगवावा आणि त्याने चहूकडून वाट अडवावी. सरदार गालिच्यावर उताणे पडोन, डोके आगटीत घालोन, नळी तोंडात धरोन फुंकू लागले. परंतु आत चुन्याचे एक टोक भाल्यासारखे पुढे आलेले, ते त्यांनी चाचपले होते आणि चाचपूनही फुगा नेमका तेथेच बसविला, ऐसे लोक म्हणतात. आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. फुगा ऐसा फुटला की तोफ डागल्याचा भास व्हावा. खिडक्या हालल्या, आणि रस्त्यापलीकडील कुत्र्याने आपले मत दिले, आणि धुरांड्यातून आवाज आला:

"गेला वाटतं कुणीतरी!"

आणि क्लिफर्डराव, काजळीने तोंड काळे, सवयीने बोलोन गेले, "अजून नाही!"

तेसमयी बाईसाहेब चहाचा ट्रे घेऊन दारी उभ्या.

"कुणाशी बोललास?"

"भिंतीशी."

"भिंत बरी हजरजबाबी आहे."

इतकेच बोलून त्यांनी चहा ठेविला, आणि कोट चढविला, आणि खासा स्वारी हार्डवेअरच्या दुकानी गेली. येताना काठीस बसविलेली करड्या लोकरीची जाड गादी घेऊन आली. डोंगरी मेंढरांची ती लोकर, जी धुरांड्यास किंचित श्वास घेऊ देते, ओल धरू देत नाही, आणि वाऱ्यास मात्र माघारी धाडते. तेव्हापासोन मोहिमेची सूत्रे बाईसाहेबांचे हाती. त्यांनी हुकमाने काजळी झाडविली, आणि नरड्याचे माप घेवविले, आणि त्याहून गादी बोटभर मोठी राखून कात्रीने बेतविली, आणि स्वतः बत्ती धरून उभ्या राहिल्या. आता फितुरीस जागा उरली नाही.

गादी वर सारण्याआधी क्लिफर्डराव आगटीत डोके घालोन क्षणभर थांबले. सांगावे तर नाव घ्यावे लागते; न सांगावे तर ही दगलबाजी. अखेर बोलिले इतकेच:

"बरं मग."

वरून आले, "बरं काय?"

"काही नाही. थंडी पडणार."

"पडू दे. दरवर्षी पडते."

आणि लोकर वर गेली.

खाली काठी लोंबत ठेविली, तीस लाल चिठ्ठी बांधिली जे वर लोकर आहे, आग पेटवू नये. मेणबत्ती धरिली तो ज्योत सरळ. घड्याळे मागे फिरली, आणि शिरस्त्याप्रमाणे हीटिंग लागले, आणि ऊब जी दालनात आली ती दालनातच राहिली. बाईसाहेबांनी कित्येक वर्षांत प्रथमच त्या दालनी लोकरी जाकीट उतरविले. परंतु ट्रंक वाटेतच राहू दिली. पुसता म्हणाल्या, "बघू."

जिंकलेल्या मुलखात सरदाराचे मन मात्र रमेना. संध्याकाळी सवयीने खुर्ची ओढून ते बोलिले जे, "नगरपालिकेनं पुन्हा रस्ता खणलाय," आणि वाट पाहिली. उत्तर नाही. लोकर ती लोकर. मेंढरास नगरपालिकेशी काय कर्तव्य? दुसरे दिवशी त्यांनी चहा निववून सोडिला. तिसरे दिवशी पार्किन, म्हणजे आले घातलेला काळा चिकट केक, जो बाईसाहेब नोव्हेंबरात करितात आणि ज्यासाठी क्लिफर्डराव बशी पुढे करून बसतात, त्याचा तुकडा बशीत तसाच.

तेव्हा बाईसाहेबांनी विणकाम मांडीवर ठेविले.

"क्लिफर्ड, त्याचं दार आपल्या दाराला लागून आहे."

"कुणाचं?"

"भिंतीचं!" बाईसाहेब बोलिल्या. "मला काय बहिरी समजलास? स्वयंपाकघरातून सगळं ऐकू यायचं. रोज तासभर भांडी काय उगाच घासत बसत होते मी इतकी वर्षं? तुमचं चाललंय तर चालू दे म्हणून गुडघे गारठवून घेतले. यंदा छाती ऐकेना, म्हणून ट्रंक काढली. नाहीतर अजून बसले असते."

क्लिफर्डरावांनी बायकोचे गुडघ्यांकडे पाहिले, मग लाल चिठ्ठीकडे पाहिले, मग बोलिले, "पण मी काय म्हणून जाऊ? आधी त्यानं..."

तोच दर्शनी दारावर थाप पडली.

त्या ओळीत ओळखीचे माणूस मागील दाराने येते. दर्शनी दार म्हणजे पोलीस, पाद्री, किंवा शवपेटी. म्हणोन उभयता दचकली. क्लिफर्डरावांनी दाराशी वाऱ्यास अडविण्यासाठी टाकलेला कापडी अजगर पायाने बाजूस सारिला, आणि फुगलेले दार खांद्याने ओढिले, तो समोर सिरिलराव पिकर्सगिल. अंगात मयतीस घालावयाचा काळा कोट. बगलेत कांदा.

"जिवंत आहेस तर," सिरिलराव बोलिले.

"मग तुला काय वाटलं?"

"मला कशाला काय वाटेल? आधी स्फोट झाला. मग भिंत गप्प झाली. म्हटलं, बघून यावं."

"भिंतीत लोकर घातली."

"आधी सांगायचं."

"कुणाला सांगायचं? आपण बोलत नाही."

"हां, ते खरं."

दोघेही उंबऱ्याचे दो बाजूंस उभे. आत बोलावणे हा एकाचा पराभव, आणि बोलावल्यावाचून आत येणे हा दुसऱ्याचा. आणि उत्तरवाऱ्याने काय केले, तर धुरांड्याचा नाद सोडोन उघड्या दाराने सारी फौज आत घातली. पडदे उडाले, आणि काठीवरची लाल चिठ्ठी फडफडली, आणि आतून बाईसाहेबांचा खलिता सुटला:

"आत या, नाहीतर बाहेर व्हा! अख्ख्या यॉर्कशायरला ऊब द्यायला मी हीटिंग लावलेलं नाही! ट्रंक अजून वाटेतच आहे, क्लिफर्ड!"

क्लिफर्डरावांनी ट्रंकेकडे पाहिले. मग कांद्याकडे पाहिले.

"मोठा आहे."

"आहेच."

"घरचा?"

"घरचाच."

"तेव्हाचाही?"

"तेव्हाचाही."

"मग आत ये, लेका, आणि दार लाव."

येणेप्रमाणे तह जाहला. पार्किनाचे तुकडे दोन्ही पक्षी सारखे वाटिले गेले. सिरिलरावांचा किंचित मोठा होता ऐसी तक्रार क्लिफर्डरावांनी केली, ती दप्तरी घेतली नाही. बोलता बोलता सिरिलराव म्हणाले जे, आमच्याकडचं धुरांडंही गार मारतं, आता ते उघडं ठेवून तरी काय करायचंय? यावर क्लिफर्डराव ताबडतोब उठोन बोलिले जे, "ते काम येऱ्यागबाळ्याचं नाही. मी येतो उद्या. फुगा मात्र आणू नकोस." दुसरे दिवसापासोन दोघेही पलीकडे. माप चुकले, मग पुन्हा घेतले, मग कात्रीवरून भांडण, मग चहा, मग क्रिकेट, मग पुन्हा माप. एका माणसाचे सकाळचे काम दोघांनी आठवडाभर पुरविले, आणि ते संपल्यावर सिरिलरावांचे घरी बुजवावयाच्या आणखी फटी निघाल्या.

इकडे नोरीनबाईसाहेब आपल्या दर्शनी दालनी एकल्या. पाय स्टुलावर, मोजे उतरविलेले, मांडीवर रहस्यकथा, हाती पार्किन. पलीकडील वादावादी दोन लोकरींच्या आडून मधमाश्यांच्या गुणगुणीऐशी येई. आवाज कळे, शब्द कळेना. बाईसाहेबांनी थेल्माबाईंस फोन करून कळविले जे, "यंदा जमायचं नाही गं. आमच्याकडेच फार गरम होतंय."

ऐशी फत्ते जाहली. काबीज जाहले: दर्शनी दालन एक, गालिच्यासह, तिन्ही ऋतूंसाठी. कामास आले: रबरी फुगा एक, आणि कांदा एक, तो तहाचे दिवशीच सुपात पडला, आणि सर्वांनी मान्य केले जे विकतच्याची ही चव नव्हे. उत्तरवारा हल्ली गल्लीच्या टोकाच्या घरी उतरतो. निळी ट्रंक क्लिफर्डरावांनी स्वहस्ते माळ्यावर नेऊन ठेविली, आणि तीवर जुने स्वेटर रचून ठेविले. शिडी सिरिलरावांची होती. ती अद्याप परत गेलेली नाही.